मोटारसायकलचे हँडल : शोभेचे की सोयीचे?

(बी. कॉम., चौथे सत्र)

मित्रहो, मोटारसायकलचा विषय निघाला की आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच दोन तट पडतात. एक तट सायलेन्सरच्या आवाजाचा, दुसरा ॲव्हरेजचा. हँडलबद्दल सहसा कोणी बोलत नाही, आणि बोललेच तर ते दिसते कसे, एवढेच बोलतात. गेल्या वर्षापर्यंत मीही त्यांच्यातलाच एक होतो. परंतु आमच्या घरी असा एक प्रसंग आला की हँडल या वस्तूचा मला मुळापासून विचार करावा लागला. त्या विचारातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या वडिलांचे निपाणीत बी-बियाण्यांचे लहानसे दुकान आहे. उधारी वसूल करायला आणि नवी मागणी घ्यायला चिकोडी, संकेश्वर, गळतगा, बेडकिहाळ अशा गावांना ते आठवड्यातले चार दिवस गाडीवरून फिरतात. पंधरवड्यातून एकदा बेळगावची खेप असते. गाडी म्हणजे २०१४ साली घेतलेली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. गेल्या पावसाळ्यानंतर बाबांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. आधी गाडीवरून उतरल्यावर पाचदहा मिनिटे मुंग्या येत. पुढे रात्रीही येऊ लागल्या. एक दिवस दुकानात गिऱ्हाइकासमोर त्यांच्या हातातून चहाचा पेला निसटला, तेव्हा आईने त्यांना डॉक्टरांकडे नेलेच.

डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, हात दाबून पाहिला आणि नसेवर दाब येत असल्याचे सांगितले. तळहातावर भार टाकून तासन्‌तास बसणे बंद झाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. घरी बैठक बसली आणि गाडी विकून स्कूटर घ्यायची असे ठरले. बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर मात्र फडके घेऊन ते बराच वेळ गाडी पुसत बसले होते. ते पाहून मी आईजवळ एक महिन्याची मुदत मागितली. गाडी न विकता बसण्याची रीतच बदलता येते का, हे मला पाहायचे होते.

हँडल करते तरी काय?

हँडलचे काम गाडी वळवणे, असे आपण सहज म्हणतो. ते खरे असले तरी पूर्ण नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचे शरीर तीन ठिकाणी टेकलेले असते : सीट, फुटरेस्ट आणि हँडल. यांपैकी सीट आणि फुटरेस्ट यांच्या जागा सहसा बदलत नाहीत. म्हणून पाठ किती वाकायची, खांदे किती ताणायचे आणि तळहातावर किती भार यायचा, हे बहुतांशी हँडलच ठरवते.

आपल्या तळहाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूला, एक नस जाते. तिला अल्नर नस म्हणतात. तिच्यावर दाब आला तर करंगळी व अनामिका बधिर होतात. दुसरी नस मनगटाच्या मधून जाते. मनगट फार वेळ मुडपलेले राहिले तर ती दाबली जाऊन अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात. म्हणजे कोणती बोटे बधिर होतात यावरून दोष भाराचा असावा की मनगटाच्या कोनाचा, याचा अंदाज बांधता येतो. अर्थात हा अंदाजच. बधिरपणा मधुमेहानेही येतो, मानेच्या मणक्यानेही येतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मिस्त्री, हा क्रम चुकवू नये.

त्यात इंजिनच्या थरथरीची भर पडते. एकाच सिलिंडरचे मोठे इंजिन असले की त्याचा धक्का फेऱ्याफेऱ्याला जाणवतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५० धक्के हँडलपर्यंत पोचतात. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिकच्या इंजिनात ही थरथर मारण्यासाठी तोल साधणारा वेगळा दांडा बसवलेला आहे. बाबांच्या जुन्या गाडीत तो नाही. भार आणि थरथर एकाच तळहातावर एकत्र आल्यावर करंगळीने तक्रार केली नसती तरच नवल!

हँडलांची कुळकथा

आज बाजारात हँडलाचे जे नाना प्रकार दिसतात, ते निरनिराळ्या देशांतल्या रस्त्यांनी आणि हौशींनी घडवलेले आहेत. बुलेट हे नाव रॉयल एनफिल्डने १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये वापरायला सुरुवात केली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट मद्रासेत तयार होऊ लागली. तिकडे म्हैसूरमध्ये १९६१ पासून आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. आधी जावा आणि नंतर येझदी या नावाने तिथून १९९६ पर्यंत गाड्या निघाल्या. या गाड्यांवरून दूधवाला, पोलीस, शेतकरी, मास्तर असे सगळेच फिरत. म्हणून त्यांचे हँडल बेताचे उंच, बेताचे रुंद आणि माणसाला ताठ बसवणारे असे.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या तरुणांना वेगाचे वेड लागले होते. लंडनजवळच्या मोठ्या रस्त्यावर १९३८ साली सुरू झालेला एस कॅफे हा त्यांचा अड्डा. वारा कापण्यासाठी ते हँडल खाली घेत आणि टाकीवर पालथे पडून गाडी हाकत. अमेरिकेत लांबच लांब सरळ रस्ते असल्यामुळे तिकडे रुंद आणि मागे वळलेली हँडले रुळली. पुढे काहींनी ती खांद्याच्याही वर नेली. झाडाला लोंबकळणाऱ्या माकडासारखे हात दिसतात म्हणून त्यांना नावही तसेच पडले.

सांगायचा मुद्दा हा की प्रत्येक हँडलामागे एक रस्ता आणि एक वेग आहे. चित्रात पाहून ते आपल्या गाडीवर बसवले तरी तो रस्ता काही आपल्या दारात येत नाही. गळतग्याचा रस्ता गळतग्याचाच राहतो.

माझी चूक

एवढे शहाणपण मला तेव्हा नव्हते. गाड्यांचे सामान मिळणाऱ्या एका दुकानात भिंतीवर टांगलेले एक झगझगीत हँडल मला आवडले. मूळ हँडलापेक्षा ते चार इंच रुंद आणि चांगले पाच इंच उंच होते. उंच हँडल म्हणजे ताठ बसणे, आणि ताठ बसणे म्हणजे हातावर भार नाही, एवढाच हिशेब करून मी ते विकत घेतले आणि एका मित्राच्या मदतीने अंगणातच बसवले.

दिसायला गाडी राजेशाही दिसू लागली. परंतु बाबांची उंची पाच फूट चार इंच. मुठी इतक्या दूर आणि वर गेल्या की दोन्ही हात ताणून धरावे लागत, आणि दुसऱ्याच दिवशी करंगळीच्या जोडीला खांदेही दुखू लागले. त्याहून वाईट गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे पूर्ण वळण घेताना गाडीने आपोआप रेस घेतली. बाबांनी क्लच दाबला म्हणून समोरच्या हातगाडीवर गाडी गेली नाही. उंच हँडलामुळे रेसची वायर अपुरी पडली होती आणि हँडल वळताच ती ओढली जात होती. दोष ना दुकानदाराचा, ना हँडलाचा. दोष माझ्या घाईचा होता.

शेवटी गाडी ढकलत आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. ते कानडी बोलणारे. मराठी समजते, पण रागावले की कानडीतच रागावतात. त्यांनी हँडलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मोदल कुंद्रु तम्मा, आम्याल नोडूणु." आपल्या मराठी विभागाच्या वाचकांसाठी अर्थ सांगतो : आधी बस बाळा, मग बघू.

हा सल्ला वरवर साधा वाटतो, परंतु हँडल निवडण्याचे सगळे शास्त्र त्यात आहे. आधी माणूस गाडीवर बसवायचा, त्याचे हात कुठे येतात ते पाहायचे आणि हात जिथे येतील तिथे हँडल आणायचे. आपण बहुतेकजण याच्या नेमके उलट करतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी

मिस्त्रीकाकांनी आधी मूळ हँडल परत बसवायला लावले आणि फुकटात होणाऱ्या गोष्टी करून दाखवल्या. त्या प्रत्येकाला घरी करता येतील.

पहिली गोष्ट, हँडल फिरवणे. हँडल मधोमध ज्या क्लॅम्पमध्ये धरलेले असते त्याचे बोल्ट किंचित सैल केले की ते पुढेमागे फिरते. थोडेसे मागे फिरवले की मुठी जवळ येतात, परंतु त्याबरोबर खालीही जातात; म्हणून हे बोटभरच करावे.

दुसरी गोष्ट, ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन. मुठीवर हात ठेवून बोटे लिव्हरवर टाकली की कोपर, मनगट आणि बोटे एका सरळ रेषेत आली पाहिजेत. लिव्हर फार वर असेल तर मनगट दिवसभर मुडपलेले राहते. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते. दहा वर्षे कोणी पाना लावला नव्हता.

तिसरी गोष्ट, मुठींचे रबर. झिजून कडक झालेले रबर थरथर जशीच्या तशी हाताला देते. नवे मऊ रबर स्वस्तात मिळते. मात्र फार जाड घेऊ नये. मूठ आवळून धरावी लागली तर हात अधिकच थकतो. हँडलाच्या टोकाला बसवायची वजनेही मिळतात. टोक जड झाले की थरथर काही प्रमाणात कमी होते.

चौथी गोष्ट, टायरमधली हवा. ती प्रमाणापेक्षा जास्त असली की रस्त्यावरचा प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोचतो.

एवढे केल्यावर बाबांचा त्रास अंदाजे निम्म्याने कमी झाला. पुष्कळांचे काम इथेच भागेल आणि त्यांना नवे हँडल घेण्याची गरजही पडणार नाही. आमचे मात्र भागले नाही, कारण बाबांचे हात मूळ हँडलापर्यंत पोचण्यासाठी त्यांना पुढे झुकावेच लागत होते.

आपल्या हातावर भार येतो की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून नेहमीसारखे बसावे आणि दोन्ही हात मुठींवरून दोन इंच वर उचलावेत. शरीर जागच्या जागी राहिले तर भार पाठीवर आणि पायांवर आहे. शरीर पुढे कोसळू लागले तर तेवढा भार रोज तळहात सोसत आहेत, असे समजावे.

चार मापे

नवे हँडल घ्यायचे ठरले तर चार मापे समजून घ्यावी लागतात. दुकानात हँडलाचे नाव सांगण्यापेक्षा ही मापे सांगितलेली बरी.

पहिले माप रुंदी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. शाळेत शिकलेली तरफ इथे कामास येते. हँडल ७० सेंटिमीटरवरून ८० सेंटिमीटर केले, तर मध्यापासून हाताचे अंतर ३५ वरून ४० होते आणि गाडी वळवण्यास लागणारा जोर आठव्या हिश्शाने कमी होतो. चोर्ला किंवा आंबोली घाटात हे सुखाचे वाटेल. परंतु तेवढेच वळण घेण्यासाठी हात अधिक दूर न्यावा लागतो, छाती वाऱ्याला अधिक उघडी पडते आणि बेळगावच्या गणपत गल्लीतून गाडी काढताना दोन्ही बाजूंना लोकांच्या पिशव्या अडकतात. साधारणपणे खांद्यांपेक्षा थोडे रुंद हँडल बहुतेकांना मानवते.

दुसरे माप उंची, म्हणजे क्लॅम्पपासून मुठी किती वर येतात ते. उंची वाढली की पाठ ताठ होते आणि हातावरचा भार कमी होतो. परंतु पाठ अगदी ताठ झाली की खड्ड्याचा धक्का थेट माकडहाडातून मणक्यात जातो. किंचित पुढे झुकलेली पाठ आणि किंचित वाकलेले कोपर ही सर्वांत सोसणारी बैठक. मुठी खांद्याच्या वर जाऊ देऊ नयेत. हात वर धरून काम करताना रक्त खाली उतरते आणि बोटे दुसऱ्याच कारणाने बधिर होतात.

तिसरे माप मागची ओढ, म्हणजे क्लॅम्पपासून मुठी चालकाकडे किती येतात ते. याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही आणि कमी उंचीच्या माणसाला याचीच सर्वांत अधिक गरज असते. माझे पहिले हँडल उंच होते, परंतु त्याला ओढ नव्हती. म्हणून ते फसले. उलट ओढ फार झाली तर पूर्ण वळणावर मूठ मांडीला लागते किंवा मूठ आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा सापडतो.

चौथे माप नळीची जाडी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची मूठ २२ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या सात अष्टमांश जाडीच्या नळीवर बसते. मोठ्या अमेरिकी गाड्यांना एक इंची नळी असते. काही नव्या हँडलांची नळी मधोमध २८ मिलिमीटरच्या वर जाड आणि मुठीपाशी २२ मिलिमीटर असते. तिला वेगळा क्लॅम्प लागतो. जाडी जुळली नाही तर कागद किंवा पत्र्याची पट्टी घालून हँडल बसवणारे लोक मी पाहिले आहेत. हा जिवाशी खेळ आहे.

घरच्या घरी मोजमाप

मिस्त्रीकाकांनी आम्हाला विजेच्या फिटिंगची एक पांढरी प्लॅस्टिकची नळी आणायला सांगितली. बाबांना रोजच्या चपला-बुटांत गाडीवर बसवले, डोळे मिटायला लावले, हात सैल सोडून मग सहज पुढे आणायला सांगितले. हात जिथे थांबले तिथे ती नळी धरायला दिली. मी टेपने तीन अंतरे मोजली : दोन्ही हातांच्या कडांमधले अंतर, क्लॅम्पपासूनची उंची आणि क्लॅम्पपासून मागे आलेले अंतर. असे तीन वेळा केले आणि सरासरी काढली. सरासरी काढायला तरी वाणिज्य शाखेचा उपयोग व्हायचाच!

उत्तर आले ते असे : मूळ हँडलापेक्षा दीड इंच उंच, दोन इंच मागे आणि रुंदी जवळजवळ तीच. पाच इंच उंच आणि चार इंच रुंद हँडल घेणारा मी किती दूर भरकटलो होतो, ते त्या दिवशी टेपने दाखवले.

आपण कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या वेगाने जातो, तेही मापाइतकेच महत्त्वाचे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. खेड्यापाड्यांतून ताशी ४० किलोमीटरने फिरणाऱ्या बाबांना ताठ बैठक सोयीची आहे. परंतु आपल्यापैकी जे राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून स्तवनिधीचा घाट उतरून दर आठवड्याला ताशी ८० ने बेळगाव गाठतात, त्यांना तीच बैठक जड जाईल. वाऱ्याच्या रेट्याने हात मागे ओढले जातील आणि मूठ आवळून धरावी लागेल. त्यांनी हँडल थोडे खाली ठेवलेलेच बरे. एकाचे सुख दुसऱ्याला लागू पडत नाही, ते यामुळेच.

धातू आणि बनावट

हँडल लोखंडी घ्यावे की ॲल्युमिनियमचे? ॲल्युमिनियम हलके असते आणि गंजत नाही. लोखंडी हँडल जड असते, परंतु गाडी पडली तर सहसा वाकते. ॲल्युमिनियमला न दिसणारी चीर जाऊ शकते. वाकलेले हँडल, मग ते कोणत्याही धातूचे असो, तापवून सरळ करू नये आणि त्याला वेल्डिंगही करू नये.

आमच्या नात्यातले एकजण बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये आहेत. मापे मिळाल्यावर मी त्यांना विचारले, "मामा, एवढी नळी वाकवून द्याल का?" उद्यमबागेत ओतकामापासून यंत्रकामापर्यंत काय होत नाही! परंतु त्यांनीच नकार दिला. योग्य साच्याशिवाय नळी वाकवली की वळणावर ती चपटी होते, तिथली भिंत पातळ पडते आणि रोजच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. ते म्हणाले, "हे काम मला येतंय म्हणून मी करावं असं नाही. त्याच्यावर तुझे बाबा बसणार आहेत." हा नकार मला फार मोलाचा वाटला.

खर्चाचा खरा हिशेब

हँडलाची पाटीवरची किंमत म्हणजे खरी किंमत नव्हे. दोनएक इंचांचा फरक असेल तर बहुधा जुन्याच वायरी पुरतात, त्यांची वाट तेवढी बदलावी लागते. त्याहून अधिक उंच गेलात तर रेसची वायर, क्लचची वायर, पुढच्या डिस्क ब्रेकचा पाइप आणि कधीकधी स्विचच्या तारा, हे सगळे लांब घ्यावे लागते. ब्रेकचा पाइप बदलला की तेल नवे भरून त्यातली हवा काढावी लागते. या सर्वांची मजुरी वेगळी. उंच हँडलापायी हँडलाच्या किमतीहून बाकीचाच खर्च मोठा होतो.

आणखी एक गोष्ट. पहिले हँडल फुकट गेले म्हणून मला फार वाईट वाटत होते, आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून लांब वायरी घालून तेच चालवावे, असा मोह होत होता. आपल्या पुस्तकात बुडीत खर्च नावाची कल्पना आहे : जो पैसा परत येणार नाही, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. परीक्षेत मी तिच्यावर पाच गुणांचे उत्तर लिहिले होते. तिचा अर्थ मात्र मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात कळला.

बसवल्यानंतरची तपासणी

हँडल कोणीही बसवो, गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. इंजिनचा आवाज वाढला तर रेसची वायर ताणली जात आहे. गाडी तशीच उभी ठेवावी. मूठ पिळून सोडल्यावर ती प्रत्येक स्थितीत आपोआप मागे आली पाहिजे. पुढचे चाक जमिनीवरून उचलले असतानाही ब्रेकचा पाइप ताठ होता कामा नये. पूर्ण वळणावर मूठ आणि टाकी यांत अंगठ्याला पुरेशी जागा असावी. ब्रेक तेलाची डबी साधारण सपाट राहिली पाहिजे. ती कलंडली तर हवा आत शिरते. हे तेल रंग खाते, म्हणून काम करताना टाकीवर कापड टाकावे.

स्विचच्या पेटीत एक बारीक खुंटी असते. ती हँडलाच्या भोकात बसते, म्हणून पेटी फिरत नाही. नव्या हँडलाला भोक नसेल तर काही लोक खुंटीच कापतात. मग मूठ पिळताना पेटीही फिरते. भोक योग्य जागी पाडून घेणे हाच उपाय. क्लॅम्पचे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात आवळावेत, आणि पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत. आरसेही नव्याने लावून घ्यावेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी दाखल्यातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. हँडल थोडे जवळ आणणे आणि गाडीचे रूपच पालटणे यांत फरक आहे. परंतु शंका असेल तर आरटीओत विचारावे आणि शक्यतो कंपनीने त्याच गाडीसाठी काढलेले हँडल घ्यावे. आपला भाग सीमेवरचा. सकाळी के.ए.२३ ची गाडी दुपारी कोल्हापुरात एम.एच.०९ च्या गर्दीत असते. नंबरपाटी राज्यागणिक बदलते, हा कायदा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

विम्याच्या कराराचा पाया परम विश्वासाचे तत्त्व आहे, हे आपण व्यापारी कायद्यात शिकतो. केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवणे हे त्या तत्त्वाला धरूनच आहे. कळवायला एक कागद पुरतो. न कळवल्यास अपघातानंतर वाद उभा राहू शकतो.

शेवट

आम्ही अखेर मापाप्रमाणे एक साधे, लोखंडी, मागे वळलेले हँडल घेतले. वायरी जुन्याच पुरल्या. मिस्त्रीकाकांनी त्यांची वाट तेवढी बदलून दिली. मजुरी घेताना त्यांनी माझे ते झगझगीत हँडल गॅरेजच्या भिंतीवर टांगले. नवे हँडल मागायला येणाऱ्या पोरांना ते आता त्याच्याकडे बोट दाखवतात, असे ऐकतो.

बाबांच्या करंगळीच्या मुंग्या जायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम चालूच आहे, आणि संकेश्वरच्या वाटेवर ते आता मध्येच एकदा थांबून हात झटकून घेतात. नव्या हँडलाने गाडी काही राजेशाही दिसत नाही; कोणी वळूनही पाहत नाही. आईने दिलेली एक महिन्याची मुदत केव्हाच उलटून गेली आणि गाडी विकण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

तेव्हा मित्रहो, हँडल घ्यायला निघण्यापूर्वी घरातला टेप शोधा आणि मिस्त्रीकाकांचे ते कानडी वाक्य आठवा. आणि गाडी वडिलांची असेल, तर आधी बसायला त्यांना बोलवा. असो.